पडद्यावरची ओहोटी

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी रोह्याच्या एका ऑफिसात संगणकावर नकाशे करायला शिकले. साधे नव्हेत, गावावर टिचकी मारली की पीक, वस्ती, रस्ते सगळं उघडणारे. पेणहून रोज गाडीने जायची. शिकवणारे सर हुशार होते आणि तेवढेच तुसडे.

आमचं गाव पेणच्या खाडीकाठी. आदल्या पावसाळ्यात उधाणाने बांधाला खांड पडली आणि खारं पाणी भातात शिरलं. खांड वेळेत बुजवली नाही तर दर भरतीला रुंदावते. पुढच्या पावसाआधी सरकारी दुरुस्ती झाली नसती तर आमची शेती गेलीच म्हणायची. बाबांची झोप उडाली होती.

नेमका आमच्याच गावाचा नकाशा माझ्याकडे आला. उपग्रहाचं चित्र ऐन भरतीचं, शेतांच्या जागी नुसतं पाणी.

"निळा रंग भर. खाडी आहे," सर म्हणाले.

"ओहोटीला तिथे बांध दिसतात, सर. आमची शेतं आहेत ती."

"नकाशाला भरती-ओहोटी नसते."

डोकं सणकलं माझं. ज्याचं जळतं त्याला कळतं! गावनकाशा घेऊन मी एकेक शेत काढलं आणि त्यांचा वेगळा थर केला. कोपऱ्यातल्या चौकटीत टिचकी मारली की पाणी हटून हिरवी शेतं दिसायची. खांडीवर मारली की 'बांध फुटला आहे' असं यायचं.

सरांना ते भलतंच आवडलं. दुरुस्ती ज्यांच्या हातात होती त्या साहेबांसमोर त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटत नकाशा उघडला. साहेबांनी टिचकी मारली. पाणी गेलं. पुन्हा मारली. पाणी आलं. त्यांनी शेजारच्या साहेबांना हाक मारली, मग तेही खेळले. खांडीवर टिचकी कुणीच मारली नाही.

"साहेब, तो बांध..." मी म्हटलं.

"फ्लॉपी ठेवून जा. घरी मुलांना दाखवतो."

त्या माणसाचा मला अजून राग येतो.

बांध झाला नाही. पावसाळ्यानंतर खांडीतून होडी आत यायला लागली. त्याच सुमारास बाबा रोह्याला आले, नकाशा बघायचा म्हणाले. मी पाणी हटवलं. त्यांनी आमच्या शेतावर बोट ठेवलं आणि बांधाच्या कडेने हळूहळू फिरवलं.

ऑफिस बंद करायला सर मागे येऊन उभे राहिले. नकाशा मिटायला मी माऊसकडे हात नेला.

"थांब गो," बाबा म्हणाले. "आता पानी नको आनू."