म्हशीच्या पाठीमागचे साहेब

बाळांनो, तुमच्या तिकडच्या चित्रप्रदर्शनाचे फोटो काल आले, म्हणून आमच्या वरच्या खोलीत पूर्वी भाड्याने राहिलेल्या मुलीबद्दल आज लिहिते. ती चित्रकलेत एम.ए. करत होती. कोणाशीही बोलताना एक डोळा मिटून माप घ्यायची आणि “आजी, तुमचं नाक लई इमानदार हाय,” असं काहीतरी सांगून जिना चढायची. कॅनव्हास परवडत नसे, म्हणून इथल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे उतरवलेले फ्लेक्स ती उचलून आणी आणि त्यांच्या पांढऱ्या पाठीवर रंगवी.

तिचं परीक्षेचं प्रदर्शन घाटनांदूरच्या मंगल कार्यालयात लागलं. त्याच्या शब्दावर हॉल फुकट मिळावा म्हणून उद्घाटनाला तोच पुढारी बोलावला होता. त्याच्या कार्यकर्त्याने एक चित्र उलटून पाहिलं.

“साहेबांचं तोंड भिंतीकडं कावून केलंय गं? उतरीव समदं!”

दुपारी परीक्षक येणार होते. चित्रं उतरली असती तर तिचं वर्ष गेलं असतं. तिने एक डोळा मिटून साहेबांकडे पाहिलं.

“भिंतच नको, साहेब. मधोमध दोरीवर टांगते. मंग तुमी बी दिसताल.”

साहेब खूश झाले आणि दोरीवर टांगलेल्या स्वतःच्याच फ्लेक्सांच्या रांगेत उभे राहून फोटो काढून गेले. दुपारी परीक्षकांनी एका बाजूने हात जोडलेले साहेब पाहिले, दुसऱ्या बाजूने शेपूट वर केलेली म्हैस पाहिली, आणि या धाडसी मांडणीसाठी तिला पहिला वर्ग दिला.

ते चित्र आता आमच्या ओसरीत आहे. उन्हाने साहेब पार पुसट झाले आहेत; म्हैस ठणठणीत आहे.