डोळे उघडायचे राहिले

छिन्नीमामांना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. म्हैसूरला अग्रहारात ते आमचे शेजारी. चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायचे. "सुम्ने बसून काय करायचं, सांगा बरं?" हा त्यांचा ठरलेला सवाल. उगाच बसणं म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हाच! मी पडलो नोकरीसाठी नाशिकहून आलेला, खुर्चीला चिकटलेला माणूस. माझ्यावर त्यांचा विशेष राग.

जन्मभर देवाच्या मूर्ती घडवल्या. हात थकले, काम सुटलं, पण छिन्नी खिशातच राहिली.

दर रविवारी सकाळी ते मला गावाबाहेरच्या शिल्पांच्या बागेत ओढून नेत. झाडीत उभ्या दगडांपाशी मी जरा रेंगाळलो की हाक यायची, "बन्नी, बन्नी, चला!" मला वैताग यायचा. एवढी घाई असलेला माणूस बागेत येतोच कशाला?

बागेच्या शेवटी बांबूच्या बेटापाशी त्यांनीच एका शिल्पकारांच्या शिबिरात घडवलेली दगडाची बाई होती. मांडीवर सूप, कपाळावर बट आणि डोळ्यांच्या जागी कोरा दगड. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी कोरून उघडायचे, ही त्यांच्या कामाची रीत. हिचे कधी उघडणार, असं विचारलं की खिसा चाचपत म्हणायचे, "आमेले." म्हणजे नंतर. आणि चालू लागायचे.

एकदा मी चिडलोच. "मामा, इतकी वर्षं आमेलेच?"

चालता चालताच ते म्हणाले, "माझी बायको हो ती. ती गेली तेव्हा मी देवाचे डोळे उघडत बसलेलो. मुहूर्त होता, मधे उठायचं नाही. दवाखान्यातून दोनदा बोलावणं आलं. हिचे डोळे उघडले तर पहिलं मलाच बघणार, अल्वा, हो ना? काय सांगू तिला?"

मला माझीच लाज वाटली.

गेल्या उन्हाळ्यात लेक त्यांना हुबळीला न्यायला आली. निघायच्या आदल्या दिवशी मामा हातोडी घेऊन बागेत आले. डोळ्याच्या जागी छिन्नी टेकवली. थकल्या हातातून टोक घसरून गालावर आलं. त्यांनी दोन्ही हत्यारं खाली ठेवली आणि तिच्यासमोर चक्क मांडी घालून बसले. कितीतरी वेळ. मला काही ते बघवेना.

आता मी एकटाच जातो. रविवारी बरोबर त्याच वेळी फोन येतो.

"दुसऱ्या कुणी उघडले नाहीत ना? मीच येणार उघडायला."

"कधी येताय, मामा?"

"आमेले."

मी बांबूभोवती येरझाऱ्या घालत असतो. पलीकडे मामा, लेक सांगते, बसून बोलत असतात.