डोंगराकडच्या वहिनी

दादाचा फोन आला तेव्हा मी आळेफाट्याला माझ्या गॅरेजात होतो. "सुमन गेली रं," एवढंच तो म्हणाला आणि फोन तसाच चालू राहिला... मागे कुठेतरी पाण्याचा पंप वाजत होता. आता महिना होत आला, पण वहिनी नाहीत हे अजून मनाला पटत नाही.

वहिनी आमच्याच आंबेगाव तालुक्यातल्या, पण पार पश्चिमेच्या, डोंगराच्या कुशीतल्या. तिथे पावसाळाभर ढग कड्यांना धरून बसतात, खाचरांत भात पिकतो. आमच्या महाळुंगे पडवळपर्यंत येईतो त्याच ढगांत फारसं काही उरत नाही, म्हणून आमच्याकडे बाजरी. बाजारात त्यांच्या वडिलांचा तांदूळ आणि आमच्या वडिलांची बाजरी यांची अदलाबदल व्हायची. त्या ओळखीतूनच सोयरीक जुळली.

त्या नवी नवरी होऊन आल्या तेव्हा मी शाळेत होतो. आषाढ अर्धा सरला तरी अंगण कोरडंच. ओट्यावर उभ्या राहून त्यांनी मला विचारलं, "भावजी, तुमच्याकडं पाऊस कधी लागतो?"

"लागतो म्हंजी? येतो आन् जातो."

त्या हसल्या, पण डोळे भरून आले होते.

पुढे कालव्याचं पाणी आलं तशी घरात उसाची बोलणी सुरू झाली. वहिनींनी फक्त एक वाफा मागितला, भातासाठी. "आपल्या रानात भात? यडी का काय तू!" वडील म्हणाले. दादाने मात्र गुपचूप बांध घालून दिला. पहिल्या वर्षी लोंब्या पोचट निघाल्या. दुसऱ्या वर्षी थोडा भात हाती लागला, तसं वहिनींनी आपल्या आईला बोलावून घेतलं. आम्ही सगळे म्हातारीच्या तोंडाकडे बघत बसलो. तिने पहिला घास बराच वेळ चावला.

"चांगलाय गं," ती म्हणाली, "पर वास न्हाई. आपला डोंगुर न्हाई ना हितं..."

वहिनींनी आईच्या ताटात आणखी एक मूद वाढली आणि तिला टेकून बसून राहिल्या. पुढच्या हंगामात त्या वाफ्यात त्यांनी स्वतःच्या हाताने उसाची कांडी लावली. मग उसाबटाट्याचं सगळं रान त्यांनीच सांभाळलं, लई हिमतीनं. भातकापणी उरकली की डोंगराकडची माणसं कामाला खाली यायची. वहिनी त्यांना कधी मजूर म्हणाल्या नाहीत. "आमच्याकडची" म्हणायच्या, त्यांच्याच पंगतीत जेवायच्या.

नवा बंगला बांधताना गवंड्याने स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला काढली होती. वहिनींनी ती बुजवून पश्चिमेला काढायला लावली. परवा गेलो तर दादा तिथे स्टूल टाकून बसला होता, हातातला चहा गार झालेला. आमच्या रानावर लख्ख ऊन होतं आणि लांबचा डोंगर ढगात पार बुडाला होता. मी शेजारी बसलो.

"तिकडं लावणी चालली असंल," तो म्हणाला. "दर साली म्हणायची, लावणीला जाऊन येते... आन् दर साली आपलंच कायतरी काम निघायचं."