बास विचारणारे भावजी

माझ्या धाकट्या दिरांना कोणताही आकडा सांगितला की ते लगेच हलत नसत. मान जरा तिरकी करून समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि मग विचारायचे, "बास?" पाहुणे किती येणार म्हणून त्यांनीच विचारायचं, मी पाच म्हणायचं, आणि वर पुन्हा हे बास. शेजारचा पांडुरंग एकदा त्यांना कुणाचा तरी फोन नंबर सांगत होता. दहा आकडे संपले तरी यांचं पेन हवेत.

"बास?"

"भाऊ, दहाच असत्यात. अकरावा कुठनं आणू?"

गावात त्यांना बासराव म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. मी भावजी म्हणायची.

ही खोड भोसरीच्या कंपनीतली. तिथं मोठे वजनकाटे होते आणि काट्यावरचं वजन तारेतून एका यंत्राकडे जायचं. ते तारेतून एकदम जात नाही, एकामागून एक आकडा जातो, असं भावजी सांगत. एकदा एकशे पंचवीसमधले एक आणि दोन गेले, पाच जरा मागे राहिला, आणि यंत्राने बारा धरून काम उरकलं. सगळा माल चुकला. तेव्हापासून समोरचा थांबला म्हणजे त्याचं संपलं असं ते मानत नसत. मला मात्र दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यात पकडायची सवय. मला वाटतं, म्हणूनच आमचं एका घरात निभलं. मी बोलायची, ते वाट बघायचे.

कंपनी सुटल्यावर ते गावी, बोरीला परत आले. त्यांची बायको आधीच गेलेली, मुलगी मंगल पुण्यात नोकरीला. माझेही मालक गेलेले. घरात आम्ही दोघं म्हातारी आणि कांद्याचं एक वावर. वावराची विहीर उसाच्या पलीकडे. ऊस आमचा नाही, पण वाट त्यातूनच. आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मोटर चालू करायला भावजी जायचे. हातात काठी, खिशात फोनवर मोठ्याने भजन. वाघ आवाजाला बाजूला होतो म्हणतात. शहरातले बिबट्या म्हणतात, आम्ही वाघच म्हणतो. पांडुरंगाची कालवड त्यानेच उसात ओढली होती.

मग भावजींच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी चढ-उतार आणि धावपळ बंद सांगितली. मी म्हटलं, रात्रीची मी जाईन.  दुसऱ्या दिवशी माझा शेवयांचा प्लास्टिकचा डबा फळीवरून गायब.

"माझा डबा कुठाय?"

"मोटारीला लागला."

"स्टीलचा घ्यायचा व्हता की."

"स्टीलमधनं फोनची रेंज जात न्हाई, वयनी."

त्या डब्यात त्यांनी तळहाताएवढी हिरवी पाटी, फोनचं एक सिमकार्ड आणि तारांचं जाळं बसवलं. मी म्हटलं, बाजारात अशी यंत्रं तयार मिळतात, फोन लावला की मोटर चालू होते. ते म्हणाले, "ती चालू आन बंद एवढंच ऐकत्यात. आपल्या विहिरीला उन्हाळ्यात अर्ध्या तासाचं पाणी. तुमी चालू केली आन डोळा लागला तर मोटार कोरडी पळून जळंल. मग बंद कराया उसातनं तुमीच जाणार. म्हणून मिनिटं सांगता आली पायजेत. तेवढी चालंल आन आपली आपण बंद व्हईल."

म्हणजे डब्याला आकडा कळायला हवा होता. मला वाटलं, यात काय अवघड आहे, यंत्रच ते. आमची सासू शाळेत गेलेली नव्हती. पण जुन्नरची एसटी तिला लांबून ओळखू यायची. पाटीवरच्या पहिल्या अक्षराच्या वळणावरून ओळखायची. ते अक्षर कोणतं ते तिला सांगता यायचं नाही. भावजी म्हणाले, "आईला जशी एसटीची पाटी, तसा ह्या डब्याला आकडा. तुमी दोन लिवलं तर त्याला फक्त कळतं की एक खूण आली. तिचा नंबर पन्नास. पाचाची खूण आली तर नंबर त्रेपन्न. शून्याचा अठ्ठेचाळीस."

"शून्याला अठ्ठेचाळीस नंबर कुणी दिला?"

"अमेरिकेत ठरलं."

"आपल्याला कुणी इचारलं न्हाई."

"न्हाई. म्हणून आपण अठ्ठेचाळीस वजा करायचे. पन्नासातनं अठ्ठेचाळीस गेले की दोन. त्रेपन्नातनं गेले की पाच. आता दोन आला, तो धरून ठेवायचा. मागनं पाच आला तर धरलेल्या दोनाला दहानं गुणायचं आन पाच मिळवायचा."

हे मला लगेच कळलं. मी चौथीपर्यंत शिकले, पण एकं दहं शतं पक्कं शिकले. फक्त आमच्या बाई उजवीकडून शिकवत आणि हा डबा डावीकडून शिकत होता. आणि आपण तोंडाने पंचवीस म्हणतो तेव्हा पाच आधी येतो, वीस मागून. त्याला मात्र लिहिल्याच्या क्रमाने द्यावं लागायचं. भावजींना मी हे बोलून दाखवलं तर त्यांनी पंचवीस तोंडाने म्हणून बघितलं. मग म्हणाले, "हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं." घरातल्या पुरुषाच्या तोंडून मी हे पहिल्यांदाच ऐकत होते.

आधी त्यांनी डबा घरातच लॅपटॉपला जोडला आणि मला बटणं दाबायला लावली. मोटरीच्या जागी एक लाल दिवा. मी दोन दाबला. पाच शोधू लागले. तेवढ्यात दिवा लागला.

"मी पंचवीस लिवणार व्हते."

"त्यानं एक सेकंद वाट बघितली. पुढचं आलं न्हाई म्हणून आलंय तेवढं खरं धरलं. तुमी शेवटी हे मोठं बटण दाबायचं. ते म्हंजे बास."

"मला इसरायला व्हईल. आन एक सेकंदात माणसाला शिंकसुद्धा येत न्हाई."

त्यांनी तिथल्या तिथे खटखट करून एका सेकंदाचे दहा केले. मी काही विनवणी केली नव्हती. चूक दाखवली की ते वाद घालत बसत नसत, दुरुस्त करत. मला त्यांचं हेच पटायचं.

डबा विहिरीवर बसला तो दिवसाच्या लाईटचा आठवडा होता. दुपारी आम्ही दोघं घराच्या ओट्यावर, समोर वावर. भावजी म्हणाले, आता तुमच्या फोनवरनं पाठवा. मी २५ पाठवलं. थोड्या वेळाने वावरातल्या पाइपाला पाणी आलं. भावजी घड्याळाकडे बघत बसले. पंचवीस मिनिटं झाली. पाणी चालूच. अजून थोडी झाली. मग पाइप खोकल्यासारखा करू लागला, पाण्याबरोबर हवा यायला लागली. विहीर संपत होती. भावजींनी त्यांच्या फोनवरून बंद करायचा मेसेज पाठवला. काही नाही. पुन्हा पाठवला. मग ते उठले आणि चपला न घालता उसात शिरले.

मी काठी घेऊन मागे. मोठमोठ्याने ओरडत गेले, वाघासाठीही आणि त्यांच्यासाठीही. "भावजी, जळूंद्या मोटार. हळू चला." त्यांनी ऐकलं नाही. मी पोचले तेव्हा मेन स्विच खाली पाडलेला होता आणि ते विहिरीच्या कठड्याला टेकून बसले होते. ओठ काळे पडले होते. मोटर तापली होती, जळाली नव्हती. मी त्यांना पाणी दिलं आणि बोलू दिलं नाही. चांगला वेळ गेल्यावर त्यांनी डब्याकडे बोट केलं. काढून घ्या, घरी गेल्यावर बघू म्हणत होते.

संध्याकाळी त्यांनी डबा लॅपटॉपला जोडून मेसेज काय पोचला ते बघितलं. मग कागदावर आकडेमोड केली आणि माझ्याकडे बघितलं.

"वयनी, तुमी मोटार पावणेदोन वर्सं चालवाय सांगितलीत."

"मी पंचवीस मिनिटं सांगितली."

"मराठीत सांगितली."

"मग कशात सांगू?"

माझा फोन मंगलने मराठीत करून दिलेला. लॅपटॉपवर बटणं इंग्रजी होती म्हणून तिथं हे कळलं नाही. मराठी आकडा डब्यापर्यंत जाताना निराळाच होऊन जातो. माझा २५ तिथं 0968096B असा पोचला. डब्याने शेवटचं B हे अक्षर येईपर्यंत जे आकडे दिसले ते सगळे एकापुढे एक जोडले आणि नऊ लाखांवर मिनिटं चालायचं ठरवलं. आणि एकदा मिनिटं मोजायला लागला की त्याला दुसरं काही ऐकू येत नव्हतं, म्हणून बंद करायचे मेसेजही वाया गेले.

मी म्हटलं, "माझी चूक झाली म्हणा."

"तुमची कशी? तुमी बरोबर लिवलं. मी इंग्रजी येणाऱ्या माणसासाठी डबा केला आन तुमच्या हातात दिला."

पुढचे काही दिवस ते खाटेवर लॅपटॉप पोटावर घेऊन पडून होते. डॉक्टरांनी झोपून राहा म्हटलं होतं, यंत्र बंद ठेवा असं म्हटलं नव्हतं, असा त्यांचा युक्तिवाद. एका सकाळी मी चहा नेला तर चेहरा उजळलेला.

"वयनी, मराठी सोपी निघाली. त्या लांब ओळीतली चार-चार अक्षरं म्हंजे एक आकडा. पहिली तीन सगळ्यांची सारखी, ती सोडून द्यायची. चौथ्यातनं सहा वजा. आठातनं सहा गेले, दोन. तो B म्हंजे त्यांच्यात अकरा. अकरातनं सहा गेले, पाच."

"म्हंजे इंग्रजीला अठ्ठेचाळीस आन आपल्याला सहाच?"

"सहाच."

मला का कोण जाणे, बरं वाटलं.

डब्याला त्यांनी आणखी तीन गोष्टी शिकवल्या. मोजता मोजता ऐकायचं. तासाच्या वरचा आकडा आला तर "कळलं नाही, परत सांगा" असा मेसेज उलटा पाठवायचा. मी म्हटलं, या घरात असं म्हणणारे तुम्ही आणि हा डबा, दोघेच. तिसरी गोष्ट त्यांनी मला सांगितली नाही. मी २५ पाठवलं तेव्हा फोन वाजला आणि त्यावर मराठीत आलं, "२५ मिनिटं. बास?" मी त्यांच्याकडे बघितलं तर ते भिंतीकडे बघत होते. मी "बास" असं पाठवल्यावरच मोटर चालू झाली, आणि पंचवीस मिनिटांनी बंद झाली.

"उत्तराला किती वेळ ठेवू?" त्यांनी विचारलं.

"चष्मा सापडंस्तोवर."

त्यांनी दहा मिनिटं ठेवली. तेवढ्यात माझं उत्तर गेलं नाही तर डबा आकडा विसरून जायचा.

रात्रीच्या लाईटचा आठवडा आला तेव्हा मी खाटेवर बसून मोटर चालवली. उसात पाऊल टाकलं नाही. सकाळी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "बास?" मी म्हटलं, "बास." त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले.

पावसाच्या आधी मंगल त्यांना पुण्याला न्यायला आली. छातीचं ऑपरेशन ठरलं होतं. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली. "वयनी, दोन गोष्टी सांगायच्यात. विहिरीचं पाणी खाली गेलं की मिनिटं कमी करत जा. अंदाजानं. डब्याला पाणी दिसत न्हाई." मग थांबले. एरवी मी तिथेच बोलायला लागले असते, जेवणाचा डबा भरून दिलाय, औषधं वेळेवर घ्या, वगैरे. पण गप्प राहिले. मंगलने गाडी चालू केलेली. ते अजून माझ्याकडेच बघत होते. शेवटी मीच विचारलं, "बास?"

ते हसले. हसण्याने दम लागला. म्हणाले, "दुसरी इसरलो. आठवली की मेसेज करतो."

ऑपरेशन झालं, पण ते त्यातून उठले नाहीत. मेसेज आला नाही. दुसरी गोष्ट काय असेल याचा मी फार विचार केला नाही. मोटरीचं असेल, नाहीतर मंगलचं असेल, नाहीतर माझं काही. आलं तेवढं खरं धरून मी चालते.

दिवसकार्य झाल्यावर मंगलने त्यांचं सामान आवरलं. तिलाही ही विद्या येते. ती विहिरीवर जाऊन डबा बघून आली. म्हणाली, "काकू, बाबांनी फार ढोबळ काम केलंय. मी नवीन बसवून देते. तो असं विचारत बसत नाही, पाठवलं की लगेच चालू."

"इचारत न्हाई तर मला नको," मी म्हटलं.

"बरं, मग याचीच वेळ कमी करते. उत्तराला दहा मिनिटं कुणाला लागतात? तुमचा चष्मा तर आता दोरीने गळ्यातच असतो."

ते खरं होतं. दोरी मीच लावली होती, ते गेल्यावर. उत्तर पाठवायला मला आता मिनिटसुद्धा लागत नाही.

मंगलने लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे बघितलं. "किती ठेवू? एक? दोन?"

"दहा," मी म्हटलं. "बास."