लूम खात्यातल्या खुणा कोणाला येतात?

१. बाबा सोमवारी सकाळी गेले. हार्ट अटॅक.
२. माझा धाकटा भाऊ बंटी बोलत नाही. ऐकू येतं, पण बोललेलं फार कमी कळतं.
३. सोमवारपासून तो हातांनी काहीतरी विचारतोय. घरात कोणालाही ते समजत नाही.

समजणारा माणूस एकच होता. क्रमांक एक पाहा.

बाबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये लूम खात्यात होते. तिथे इतका आवाज की शेजारच्याशीही हातानेच बोलायचं. धागा तुटला, पाणी दे, साहेब आला. सगळ्याला खूण.

मिल बंद पडली तेव्हा बंटी तीन वर्षांचा होता.
शहरात नव्या गाड्यांच्या शोरूम उघडत होत्या आणि बाबा घरी बसले होते.
दिवसभर दोघंच.

बाबांनी त्याला ती भाषा दिली. ताग्यांवर चिकटवायची उरलेली चित्रांची लेबलंही. कमळ म्हणजे पाणी. घोडा म्हणजे बाहेर जायचं.
बंटीचं भिंतीवर डोकं आपटणं थांबलं.

मग तुकोगंजच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, हातवारे बंद करा, नाहीतर मुलगा कधीच बोलणार नाही.
हे चूक होतं. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

आई म्हणाली, "अहो, डॉक्टरसाहेबांनी मना केलंय ना?"
"केलंय. याला भूक लागली की डॉक्टरसाहेब येणार का बताने को?"

आईने मला मात्र खुणा शिकू दिल्या नाहीत. घरात कोणीतरी त्याच्याशी तोंडाने बोलायला हवं होतं.
बाबा त्याला गच्चीवर घेऊन जायचे. सेव कोणी जास्त खाल्ली यावरून दोघं हातांनी भांडायचे.

मी इंजिनीअर झाले. बंटीसाठी टॅबलेटवर चित्रांचं ॲप बनवलं. चित्र दाबलं की शब्द ऐकू येतो.
बाबांनी सगळं नीट पाहिलं.
"भोत बढिया, बेटा. पण यात भांडता कुठे येतं?"

आता बंटी टॅबलेट बाजूला सारतो. लेबलंही.
त्याची खूण अशी: डाव्या तळहातावर उजव्या हाताची दोन बोटं आडवी. मग दोन्ही हात उघडे.
पुन्हा तेच. पुन्हा.

कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला व्हिडिओ पाठवला. ही खूण त्यांच्या भाषेतली नाही, म्हणाली.

बंटी जेवत नाही.
अग्नी त्याच्याच हातून दिला. मामांनी हात धरला होता. ते काय होतं, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. कसं सांगायचं ते आम्हाला येत नाही.

बाबा, माझा शेवटचा नमस्कार.

तुमच्यापैकी कोणाचे वडील, काका, आजोबा लूम खात्यात असतील, तर कृपया त्यांना दोन गोष्टी विचारा.
वरच्या खुणेचा अर्थ काय?
आणि जो माणूस आता कामावर परत येणार नाही, त्याच्यासाठी कोणती खूण होती?

बुधवारी दहाव्याला बंटीलाच बसायचं आहे.
मंगळवारपर्यंत कळवा.