विषय क्रमांक चार: पप्पांचा मुक्काम

माझं सासर वसईचं, घर दुबईत अल कुसैसला, पण त्या आठवड्यात आम्ही चौघंही इंग्लंडात राहत होतो. कारण मुलीच्या ब्रिटिश शाळेने गृहपाठ दिला होता. तिकडची काउंटी कौन्सिल कशी चालते ते घरच्या माणसांची सभा भरवून व्हिडिओत दाखवा. आता बोला! पोरीने जन्मात मतपेटी पाहिलेली नाही आणि तिने इंग्लंडातल्या रस्त्यांच्या खड्ड्यांची काळजी वाहायची. मी हमरिया फ्री झोनमध्ये दिवसभर शिपिंगचे कागद करते, नवरा देराच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला. काउंटी म्हणजे क्रिकेट, इतकीच आमची दोघांची पोच.

उजळले ते पप्पा, म्हणजे माझे सासरे. व्हिजिट व्हिसावर आले होते. सगळी नोकरी जिल्हा परिषदेत लिपिक म्हणून काढलेली. मुलीचं पुस्तक चाळलं आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "अगं, ही तर आपली जिल्हा परिषदच! फक्त सूट घातलेली."

मग काय, जेवणाच्या टेबलावर परिषद मांडली गेली. लोकांनी निवडलेले सदस्य म्हणजे चमचे. त्यांच्यातला एक नेता, त्याने निवडलेलं कॅबिनेट, ते रोजचे निर्णय घेणार. कॅबिनेटच्या मानगुटीवर बसायला छाननी समिती. "आपल्याकडे हे काम चहाच्या टपरीवर होतं," पप्पा म्हणाले. सभा चालवायला अध्यक्ष, आणि मतं सारखी पडली तर त्याचं एक जादा मत. तो मान मिठाच्या बरणीला मिळाला. उरला पगारी अधिकारी. "अधिकारी सभेत बसतो, लिहितो, विचारलं तर नियम सांगतो. मत देत नाही," पप्पा छाती काढून म्हणाले आणि स्वतःचा चष्मा टेबलाच्या कडेला ठेवला. तो अधिकारी.

मुलीने वाचून सांगितलं, दारातला कचरा उचलायचा खालच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलने आणि त्याची विल्हेवाट लावायची वरच्या काउंटीने. नवरा केवढा खूश! "म्हणजे पिशवी तू बांधायची, कचऱ्याच्या शूटमध्ये मी टाकायची. मी काउंटी." लग्नाला चौदा वर्षं झाली, ह्या काउंटीला पिशवी दिसेपर्यंत तिला वास सुटलेला असतो. मी तसं म्हटल्यावर पप्पा इतके हसले की ठसका लागला.

त्याच भरात त्यांनी नोकरीतलं गुपित फोडलं. "सभा बाराची असली की माझं इतिवृत्त दहाला तयार. कोण काय बोलणार, सूचक कोण, अनुमोदन कुणाचं, ठराव सर्वानुमते मंजूर. माणसं यायची, बोलायची, जेवायची, सह्या करून जायची."

"बट आजोबा, दॅट्स चीटिंग!"

"चीटिंग कसलं? एकदाही खोटा पडलो नाही. माणूस काय बोलणार ते त्याच्या तोंडावर महिनाभर आधी लिहिलेलं असतं, बाळा."

हसत होतो खरं, पण एक विषय आम्ही टाळत होतो. पप्पांचा व्हिसा संपायला बारा दिवस उरले होते. एक तर परतीचं तिकीट काढायचं, नाहीतर त्यांना कायमचं इथे ठेवण्यासाठी फाइल टाकायची. आणि आठ दिवस आम्ही नवरा-बायको बेडरूमचं दार लावून एकच वाद घालत होतो, "तू विचार", "नाही, तू विचार". विचारलं नव्हतं असं नाही. पण पप्पांचं उत्तर ठरलेलं, "मी काय, तुम्ही ठरवाल ते." अधिकारी ना, मत देत नाही! राहा म्हणावं तर भिडेखातर राहतील आणि आतल्या आत झुरतील. जा म्हणावं तर सुनेने हाकललं म्हणून सगळ्या वसईत डंका. मी आपली तोंडाला कुलूप लावून बसले. खरं सांगायचं तर त्यांच्याशिवायचं घर मला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं. हमरियाहून ट्रॅफिक चिरत मी घरी यायचे तेव्हा त्यांनी चहाचं आधण ठेवलेलं असायचं आणि दिवसभराच्या बातम्या तयार असायच्या. खालच्या मल्याळी दुकानदाराचं काय बिनसलं, पार्कातला पठाण मित्र आज काय म्हणाला. त्या पठाणाशी हे हिंदीत बोलायचे, तो पश्तूत, आणि दोघांचं शेवटी अरबी "खलास, यल्ला" वर, म्हणजे "झालं, चला" वर एकमत. पण हे सगळं सासऱ्यांना तोंडावर कसं सांगायचं? आमच्यात सांगतात का असं?

शनिवारी सकाळी सभा भरली. अध्यक्ष आमची कन्या, अंगावर माझी ओढणी, गळ्यात पोहण्याच्या स्पर्धेचं मेडल, कारण तिकडचे अध्यक्ष म्हणे साखळी घालतात. मी नेता, कॅबिनेट आणि सत्ताधारी पक्ष. नवरा विरोधी पक्ष आणि छाननी समिती. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून टीपॉयपाशी वही घेऊन बसले. मोबाइल फ्रिजवर टेकवून सुरू केला.

विषय एक, पॅसेजमधल्या चपला, म्हणजे रस्ते. विषय दोन, वाचनालय. विषय तीन, कचरा. त्यावर विरोधी पक्षाने सभात्याग केला आणि अध्यक्षांनी त्याला कॉलर धरून परत आणला. मला हसू आवरेना, पोटात दुखायला लागलं. आणि अध्यक्षांनी पुकारलं, "आयटम फोर. आजोबांचा मुक्काम."

हसू जागच्या जागी विरलं. टीचरने म्हणे एक तरी विषय घरातला खराखुरा घ्यायला सांगितला होता. मेली, दाराला कान लावून सगळं ऐकत होती तर! मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने वर पंख्याकडे. आमच्या घरात पंखा नाही.

पप्पांनी पेन उचललं, पण अध्यक्ष कडक. "आजोबा, यू हॅव अ पर्सनल इंटरेस्ट. यू हॅव टु लीव्ह द रूम."

"बरोबर," पप्पा उठले. "ज्याचा हितसंबंध त्याने बाहेर जायचं. नियम आहे."

"आणि इतिवृत्त कोण लिहिणार?" नवऱ्याने विचारलं.

"लिहून ठेवलंय," म्हणत ते बाल्कनीत गेले आणि काचेचं दार ओढून आमच्याकडे पाठ करून कबुतरं बघत उभे राहिले.

विरोधी पक्ष म्हणाला, पप्पांची तिकडे वाडी आहे, विहीर आहे, चर्चमधली सकाळची मिस्सा आहे, इथे सोळाव्या मजल्यावर त्यांचं काय आहे? मी म्हटलं, मग काढ तिकीट. तो म्हणाला, तसं मी कुठे म्हटलं? मी म्हटलं, मग काय म्हणतोस ते एकदा म्हण ना, इन्शाल्ला पुढच्या वर्षी म्हणणार आहेस का? आवाज चढले. अध्यक्ष "ऑर्डर! ऑर्डर!" करून दमले, आणि शेवटी कंटाळून त्यांनी टीपॉयवरची वही उचलली.

देवनागरी तिला पप्पांनीच ह्या दोन महिन्यांत शिकवली होती. एकेक अक्षर फोडत ती मोठ्याने वाचायला लागली.

"वि-षय क्र-मांक चार. पप्पांच्या मु-क्कामाबाबत वि-चार करणे. सदर विषयावर सवि-स्तर चर्चा झाली. सून-बाई म्हणाल्या की, पप्पा, तुम्ही जाऊ नका, तुमच्या-शिवाय मला घरात कर-मणार नाही. चिरं-जीवांनी अनु-मोदन दिले. ठराव सर्वा-नुमते मंजूर."

 मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. आठ दिवस जिभेवर घेऊन हिंडत होते ते वाक्य ह्या माणसाने शब्दन् शब्द लिहून ठेवलं होतं, आणि वर सूचक म्हणून मलाच बसवलं होतं! कपाळ माझं. मी ताडकन उठले, बाल्कनीचं दार सरकवलं आणि त्यांच्या पाठीमागे उभी राहून बोलले, "पप्पा, तुम्ही जाऊ नका. तुमच्याशिवाय मला घरात करमणार नाही." आवाज निघाला तो भलताच मोठा. कबुतरं भर्रकन उडाली.

"अनुमोदन!" आतून नवरा केकाटला. 

पप्पा वळले. माझ्याकडे न बघता तडक आत आले, चष्मा लावला आणि आधी वही तपासली.

"सूचकाची सही राहिलीय," म्हणाले.

मी केली. बॉलपेनची सही ती, वाळायचं असं काही नव्हतंच. तरी त्यांनी जुन्या सवयीने तिच्यावर हळूच फुंकर मारली आणि वही मिटली.