रामटेके मॅडम आणि राखेचा दगड

रामटेके मॅडम दगड चाटत. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी मी कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं. पहिल्याच सहलीत, सालेकशाच्या टेकडीवर, मॅडमनी एक लालसर दगड उचलला, पदराला पुसला आणि सरळ जिभेला लावला. आम्ही पोरी बघतच राहिलो. "पाहून काय राहिल्या वं? कोरडा दगड तोंड नाही उघडत!" ओला झाला की आतले कण उठून दिसतात, हे मग कळलं.

पण त्यांचा खरा जीव सूक्ष्मदर्शकात. दगडाची चकती काचेवर चिकटवायची आणि खरखरीत पावडर-पाण्यात घासत बसायचं, आरपार उजेड जाईपर्यंत. मग आतले कणच सांगतात, दगड जन्मला कसा. "घास पोरी, घास! दगड हाय, पापड नोहे," असं म्हणत मॅडम डोक्यावर उभ्या. मी इतकं घासलं की दगडच नाहीसा झाला, नुसती काच उरली. "वा बाप्पा! आता काचेचाच जन्म सांग," म्हणाल्या आणि पोट धरून हसल्या.

त्या लालसर दगडावर मॅडमची डॉक्टरेट होती. तो वाहत्या लाव्ह्याचा, हे त्यांचं म्हणणं. शेवटच्या वर्षी प्रबंधाला मलाही तोच दगड मिळाला. स्लाइड लावली आणि पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. मोडके स्फटिक, आणि ज्वालामुखीच्या काचेचे वाकडे, चेपलेले तुकडे. अगं बाई, ही तर राख! उसळून पडलेली, आपल्याच धगीनं चिकटलेली. आता हे मॅडमना कोण सांगणार?

"मॅडम, स्लाइड बिघडली वाटते," मी पुटपुटले.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "स्लाइड चांगली हाय. तूच भेऊन राहिली." मग कपाटातून स्वतःच्या जुन्या स्लाइडी काढून एकेक लावली. तेच तुकडे तिथेही होते. चेहरा उतरला हो त्यांचा. मला रडूच फुटलं.

"रडून काऊन राहिली? माह्या डोळ्यासमोर होते, मीच लाव्हा लाव्हा करत बसली. तू राख लिही. मी चुकली, हे परीक्षकाले मीच सांगीन."

तोंडी परीक्षेत त्यांनी ते सांगितलंही, सगळ्यांसमोर, आवाज न चोरता.

काही वर्षांनी मॅडम आजारानं गेल्या. शोकसभेत जो तो त्यांच्या डॉक्टरेटचे गोडवे गात होता. माझं डोकंच फिरलं. उठून म्हणाले, "ती डॉक्टरेट चुकीची होती. हे आम्हाला खुद्द मॅडमनीच सांगितलं. म्हणून त्या माझ्या गुरू."

सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. मी ओशाळून खाली बसू लागले, तोच पहिल्या रांगेतून त्यांचे यजमान डोळे पुसत उठले.

"बसू नको पोरी," म्हणाले, "अजून सांग."